लॅपटॉपला शिवलेलं झबलं

अहेरीत त्या काळी वीज लावली की चालणारी जी जी वस्तू होती, तिच्या अंगावर साबिराचाचीने शिवलेले कपडे होते. टीव्हीला साटीनचा घागरा, रेडिओला बुट्ट्यांची कुडती, मिक्सरला टोपडं, टेलिफोनला झालर. उन्हाळ्यात माणसं उघड्या अंगाने ओट्यावर बसत, पण अहेरीतला एकही फ्रीज कोणी उघडा पाहिला नाही. वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू किंवा लोबान, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे, आणि त्यानंतर साबिराचाचीकडे माप. धूळ बसू नये हे कारण सगळे सांगत. खरं कारण नजर लागू नये हे होतं.

चाचीचं दुकान म्हणजे बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तिच्या घराची पुढची खोली. पायाची मशीन, भिंतीला खिळे, खिळ्यांना अर्धवट बायांसारखे लटकलेले ब्लाउज. मशीन आणि तोंड दोन्ही एकाच पायाने चालतात असं तिच्याबद्दल म्हणत. फरक एवढाच की पाय थांबला तर मशीन थांबे. आलापल्लीहून आलेल्या गाडीतून कोण उतरलं, कोणाच्या कोंबड्याने कोणाच्या कोंबडीकडे कसं पाहिलं, कोणत्या साहेबाची बदली कोणाच्या शापाने झाली, हे सगळं तिच्या दुकानात ताजं मिळे, आणि कापड न देताही मिळे. तिचा नवरा रहीम मागच्या पडवीत स्टोव्ह दुरुस्त करी. निकाहात ‘कुबूल है’ म्हणाला, त्यानंतर त्याला बोलायला जागाच मिळाली नाही, असं लोक म्हणत. हे ऐकून सगळ्यात मोठ्याने तोच हसे.

असं असूनही अहेरीतल्या बाया आपलं अंग डोळे मिटून हिच्या हवाली करत. याचं कारण तिचा बिस्किटाचा डबा.

साबिराचाची शाळेची पायरी कधी चढली नव्हती. गळ्यात टेप असे, पण तो नुसता हुद्दा दाखवायला. माप ती दोऱ्याने घेई. एका बाईचा एक दोरा. पाठ झाली की एक गाठ, खांदा झाला की दुसऱ्या जातीची, दंडाला दुहेरी, कमरेला फासाची. दोऱ्याच्या टोकाला त्या बाईच्या पहिल्या ब्लाउजची चिंधी. असे सगळ्या गावाचे दोरे त्या डब्यात एकमेकांत न गुंतता पडलेले असत, आणि ते वाचू शकणारं माणूस पृथ्वीवर एकच होतं. कोणाच्या पोटात काय वाढतं आहे, कोणाचं अंग काळजीने आटतं आहे, हे त्या दोऱ्यांना सासूच्याही आधी कळे. आणि कोणी मुद्दाम गोड होऊन विचारलं, “चाची, त्या तहसीलच्या बाईची कंबर तरी किती व?” तर सगळ्या गावाच्या कोंबड्यांचं चारित्र्य उधळणारी ही बाई दाताने दोरा तोडून म्हणे,

“दोरा बोलत नाई.”

बस. इतक्या वर्षांत त्या डब्यातून एक गाठ बाहेर गेली नव्हती.

अशा या बाईच्या शेजारी, मधली भिंत सामाईक असलेल्या घरात, वामनराव राहत. आलापल्लीच्या डेपोत सागवानाच्या लाकडांवर हातोडीने शिक्के मारण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ते कोणतीही गोष्ट सांगताना शेवटी टेबलावर मूठ आपटत. त्यांची मुलगी हर्षा नागपूरला शिकली आणि एका संस्थेचं काम घेऊन परत आली. काम असं, की अहेरीपासून भामरागडपर्यंतच्या गावांत जायचं, बायांजवळ बसायचं, आणि पुरुष डॉक्टरला त्या जे सांगत नाहीत ते ऐकायचं. ऐकून लिहायचं, मग त्यांना औषध, तपासणी, गरज पडली तर चंद्रपूरचा दवाखाना. दोन हजार सहा साली संस्थेने या कामासाठी तिला लॅपटॉप दिला.

तो पाहायला साबिराचाची हातातली बाही तशीच घेऊन आली.

“हे का होय व? पाटी?”

“लॅपटॉप होय, चाची. काम्पुटरच, पण मांडीवरचा.”

चाचीने तो पुढून पाहिला, मागून पाहिला, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. “आन् पाय कुठी माराचा?”

“पाय नाई मारा लागत.”

“बिना पायाची मशीन!” चाची खालीच बसली. हर्षाने एका गावाचं नाव टाकलं. क्षणात त्या गावाच्या बाया, नावानावाने, एकीखाली एक, उजेडात उभ्या राहिल्या. दुसरं गाव टाकलं. पहिल्या बाया गेल्या, दुसऱ्या आल्या.

“याच्यात किती बाया हाय?”

“पार भामरागडवरच्या सगळ्या.”

“एवढ्या तं एस.टी.त माईत नाई. आन् ह्या सगळ्या याच्यात बसल्या कुठी?” तिने हाताची पाठ लॅपटॉपला लावून पाहिली, लेकराचा ताप पाहतात तशी. थंड होता. तिने हात काढून आपल्या कपाळाला लावला. नमस्कार की सलाम, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जिच्या डब्यात एका गावाचे दोरे मावताना झाकण लागत नव्हतं, तिला हे पाहून काय वाटलं असेल ते डबा बाळगणाऱ्यालाच कळायचं.

पुढे कधीतरी एका दुपारी साबिराचाचीने दुकानाचं दार लोटलं, हर्षाच्या आतल्या खोलीत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली घेतला. तिने आपलं एक दुखणं सांगितलं. ते कित्येक वर्षांचं होतं आणि रहीमलाही माहीत नव्हतं. कोणतं, ते इथे सांगायचं कारण नाही. हर्षाने शब्द दिला होता आणि तो शब्द आपल्यालाही लागू आहे. हर्षा ऐकत होती, बोटं चालत होती, चाची बोटांकडे पाहत होती.

“माह्यं नाव टाकलं?”

“टाकलं.”

“कोणाले दिसन?”

“मले. दुसऱ्या कोणाले नाई. पासवर्ड आहे.”

“तो कोण?”

“कोणी नाई, चाची. अक्षरं असते. ते टाकल्याबिगर उघडत नाई. कुलपाची चावी समजा.”

चंद्रपूरच्या बाईडॉक्टरची औषधं आली. चाचीला बरं वाटू लागलं. मशीनचा पाय हलका झाला आणि त्या हलक्या पायाने तिने ठरवलं, की जे यंत्र आपली लाज सांभाळून आहे त्याने नागडं राहायचं नाही.

कव्हर तिने थंडीच्या दिवसांत शिवलं. वरून लाल साटीन, आतून मांजरपाट, मधे चांगली पिंजलेली रुई. झाकणाला वेगळा तुकडा, खालच्या भागाला वेगळा, बटणांपुरती मोकळी जागा, वायरला काजं केलेलं भोक, चहूबाजूंनी लेस. खाली पोटाला तर दुहेरी रुई, कारण गार टेबल त्याला बाधेल. सैल कव्हर म्हणजे अपमान, म्हणून जागेवर बसवून चारी कडा हाताने शिवून टाकल्या. एखाद्या सुईणीनेही बाळाला इतकं घट्ट गुंडाळलं नसतं. आणि झाकणाच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सोनेरी जरीने अक्षरं भरली.

हर्षा गाडीच्या घाईत तो न पाहताच घेऊन निघाली आणि भामरागडकडच्या एका गावात बायांसमोर उघडून बसली, तेव्हा सगळ्या बाया झाकणाकडे पाहून “चांगलं हाय, चांगलं हाय” करत होत्या. तिने झाकण खाली केल्यावर स्वतः पाहिलं. घरी येईपर्यंत तिने तो उलटा, छातीशी धरून आणला.

“चाची, हे काय?”

“काऊन? नाव होय ना तुह्यं? तिथी कागदावर चिकटवलं होतं. मले वाचता येत नाई, पण पाहून पाहून भरलं. एक टाका इकडचा तिकडं नाई.”

तो कागद म्हणजे पासवर्ड होता. विसरू नये म्हणून हर्षाने बटणांशेजारी चिकटवून ठेवलेला. कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच कुलपाला सुतळीने बांधून ठेवायची, ही आपल्याकडची जुनीच पद्धत; नागपूरचं शिक्षण तिला बदलू शकलं नव्हतं. आणि भांड्यावर मालकाचं नाव घालायचं, म्हणजे ते लग्नातून परत येतं, ही चाचीची पद्धत. दोन्ही पद्धतींचं लग्न लागून सगळ्या बायांची गुपितं ज्या चावीने उघडायची ती चावी सोनेरी जरीत, लोकांकडे तोंड करून, भामरागडकडून फिरून आली होती.

हर्षा आधी रडवेली झाली, मग हसायला लागली आणि हसता हसता खरंच रडली. तिने त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला, कागद फाडला आणि नवी चावी डोक्यात ठेवली. साबिराचाचीने काय झालं ते समजून घेतलं, तशी ती तिथेच ब्लेड घेऊन बसली. जरी एकेक टाका करत उसवली. पण साटीन मोठं चुगलखोर कापड. सुईची भोकं अक्षरांच्या आकारात तशीच राहिली. मग तिने त्यावर हिरव्या रेशमाने गच्च भरीव पोपट काढला. पोपट देखणा झाला. ऐकलेलं सगळं मोठ्याने बोलून दाखवणारं पाखरू आपण नेमकं कुठे बसवलं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

थंडी गेली. होळी झाली. अहेरीला ऊन सुरू झालं, आणि तिथलं ऊन म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा सावली पाहून नव्हे, मालक पाहून बसतं. कारण मालकाकडे पाणी असतं. आणि लॅपटॉप अडायला लागला.

आधी तो थोडा अडे. पडद्यावरचा बाण चालता चालता थांबे, हर्षाने किती ओढलं तरी हलत नसे. ती बटण दाबून धरी, सगळं काळं होई, पुन्हा चालू करी. मग हे रोजचं झालं. मग तासातासाचं. वामनराव येऊन पाहत.

“डेपोत उन्हाळ्यात लाकूडबी तडके. आमी पाणी मारो त्याच्यावर.” आणि मूठ टेबलावर.

“बाबा, याच्यावर पाणी माराचं नाई. आन् टेबलबी ठोकाचा नाई.”

चौकातल्या झेरॉक्सवाल्या अकरमला बोलावलं. अहेरीत कॉम्प्युटरच्या बाबतीत तो शेवटचा शब्द होता, कारण त्याच्यापुढे शब्द बोलायला कोणी नव्हतं. त्याने लॅपटॉपकडे नाडी पाहिल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, “फॉरमॅट मारून टाका, ताई. एकदम नवा होते.”

“आन् आतलं?”

“आतलं उडते ना.”

“मंग नवा घेऊन का करू, अकरमभाऊ? बाया नव्या आणू?”

हर्षाने पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून घ्यायचं ठरवलं. साबिराचाची शेजारी बसून पाहत होती. पडद्यावर एक चौकोन उघडला. त्यात डावीकडे एक पिवळी फाइल, उजवीकडे एक पिवळी फाइल, आणि इकडून तिकडे एकेक पांढरा कागद उडत होता.

“हे का होय?”

“बाया चालल्या, चाची. याच्यातून त्याच्यात.”

 पांढऱ्या पदराच्या बाया नदीवरून उडत जाव्यात तसे ते कागद जात होते. एकेक कागद म्हणजे एकेक घराचं आतलं. तिने मनातल्या मनात प्रत्येकीला हात लावून वाट दिली. आणि मग एक कागद मधेच थांबला. ना या फाइलीत, ना त्या. अधांतरी.

“काऊन थांबला?”

“अडला,” हर्षा म्हणाली.

चाची त्या कागदाकडे टक लावून पाहत राहिली. तिच्या मनाने घेतलं की तो कागद तिचाच आहे. तसं असायला काही आधार नव्हता, पण भर बाजारात आपलं लुगडं वाऱ्याने उडून तारेवर अडकावं आणि सगळ्या गावाने खालून मान वर करून पाहावं, तसं तिला झालं. हर्षाने बटण दाबलं. काळं. पुन्हा चालू, पुन्हा कागद, पुन्हा अधांतरी. कधी बरेच कागद पलीकडे पोचत, कधी दोनचार. सगळे कधीच नाहीत.

शेवटी संस्थेचा फोन आला. बाजाराच्या दिवशी जीप येईल, लॅपटॉप ड्रायव्हरजवळ द्यायचा, तो नागपूरला दुकानात दुरुस्तीला जाईल.

“पासवर्ड हाय ना,” चाची अकरमला म्हणाली. “दुकानवाल्याले का दिसन?”

“पासवर्डचं का घेऊन बसले, चाची!” अकरम आपलं ज्ञान कधी हातचं राखून ठेवत नसे. “ते लोक खालून डिस्क काढते, दुसऱ्या मशिनीले लावते. सब दिसते. गाणे असले तं स्वतःसाठी उतरवून बी घेते.”

साबिराचाची घरी आली. त्या दिवशी तिने एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईकं बसली होती, पण चाची बोलत नव्हती. मशीन चालू, तोंड बंद, असं अहेरीत कोणी पाहिलं नव्हतं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मागच्या पडवीतून रहीम स्टोव्ह सोडून उठला, दारात आला आणि बोलला.

“तब्येत बरी हाय ना?”

रहीम बोलला, हे ऐकून दोन बाया कापड न घेताच घाबरून घरी गेल्या.

त्याला काय सांगणार? जे इतकी वर्षं त्यालाच सांगितलं नव्हतं, ते आता नागपूरच्या कोण्या दुकानातल्या कोण्या अनोळखी माणसाला पडद्यावर दिसेल, आणि त्या माणसाचा कोणी मावसभाऊ आलापल्लीला असेलच. जगात प्रत्येकाचा कोणीतरी आलापल्लीला असतोच.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती हर्षाकडे गेली. वामनराव बाजारात गेले होते. हर्षा तयार होऊन, लॅपटॉप पुढ्यात घेऊन, जीपची वाट पाहत बसली होती. तिचंही तोंड उतरलेलं.

“पोरी, प्राणहितेत टाकून दे त्याले,” चाची म्हणाली. “मी येते संगं. डोंगा करू, मधात जाऊ, देऊ सोडून.”

“आन् त्या बायांची दवा कोण ठरवन? कोणाले काय दिलं, कोणाले पुढं काय द्याचं, सगळं याच्यातच आहे. तुमचंबी.”

“मंग पेटीत घालून जमिनीत गाडू.”

“चाची.”

“मंग मीच जाते नागपूरले त्याच्यासंगं. दुकानात मांडी घालून बसते. पाहू दे कोण उघडते त्याले माह्यासमोर!”

“दुकानवाल्याईले साहेबाईनं सांगतलं आहे, दोन दिवस ठेवा म्हणून. दोन दिवस बसान का तिथी?”

चाचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर रागही. “असं कसं तुमचं काम व? मी काजबटनाले कापड चंद्रपूरले पाठवते. कापड पाठवते, दोरा पाठवते का? कापड जाऊ दे, हरपू दे, उंदीर खाऊ दे. पण दोरा डब्यातच राह्यते. ज्याच्यात बाईचं माप हाय ते घराच्या भायेर जात नाई. एवढं बी शिकवत नाई का तिथी?”

हर्षा तिच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “चाची, दोरा.”

“का?”

“अकरमभाऊच तं म्हणे. डिस्क काढता येते. मंग ते काऊन काढन? आपणच काढू! डिस्क इथीच ठेवू. खोकं जाऊ दे नागपूरले रिकामं. कापड जाऊ दे, दोरा नाई.”

अकरम बाजार करायला गेला होता, दुकान बंद होतं. चाची धावत जाऊन मशीनचा बारका पेचकस घेऊन आली. लॅपटॉप पालथा घालायला गेल्या आणि दोघींच्या लक्षात आलं, की त्याला पालथा घातला तरी खाली साटीनच आहे. स्क्रू असतील ते दुहेरी रुईच्या आत. चाचीने ब्लेड घेतलं. स्वतःच्या हातची पक्की शिलाई स्वतःच उसवायची वेळ कोण्या शिंप्यावर येऊ नये. एकेक टाका तोडताना ती पुटपुटत होती, मशीनला, दोऱ्याला की स्वतःला, कोण जाणे. कडा सुटल्या. मांजरपाट ओढलं तसं ते गरम भाकरीवरच्या फडक्यासारखं हाताला लागलं. आणि खाली, लॅपटॉपच्या पोटाला श्वास घ्यायला बारीक फटी होत्या. त्या फटींत पिंजलेली, पांढरी, मऊ रुई गच्च भरली होती. बाजूच्या जाळीतही तीच.

हर्षाने रुईकडे पाहिलं. मग चाचीकडे पाहिलं.  सेफ्टी पिनने रुई काढली, फुंकर घातली आणि म्हणाली, “डिस्क म्या कधी काढली नाई, चाची. तुटली तं सगळंच जाईन. काढाच्या अगोदर एक डाव अजून पाहू का उतरवून?”

चाचीने कमरेच्या बटव्यातले चार रिकामे रीळ काढून त्याच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले. नंतर हाताशी होता तो बांबूचा पंखा घेतला. हर्षाने यंत्र चालू केलं, चौकोन उघडला, आणि कागद उडायला लागले.

एक कागद गेला. दुसरा गेला. चाची पंखा हलवत होती आणि पापणी हलवत नव्हती. ज्या ठिकाणी दर वेळी कागद अधांतरी अडके तिथे तो आला, तिने पंखा थांबवला, जणू वाऱ्याने तो भरकटेल. कागद पलीकडे गेला. त्यामागून पुढचा. जंगलातल्या, नदीपलीकडच्या, ज्यांची गावं पावसाळ्यात जगापासून तुटतात त्या सगळ्या बाया एकामागून एक, न अडखळता, या घरातून त्या घरात जात होत्या. आवाज नाही, गर्दी नाही.  दोऱ्याला गाठ मारताना तिला नेहमी वाटे, की हे काम जगात आपण एकटीच करतो. त्या सकाळी तिला कळलं की जगात कुठेतरी, कोणीतरी, याच कामाचं एवढं मोठं, बिनपायाचं यंत्र केलं आहे, आणि त्यालाही शेवटी थोडा वारा लागतो.

हिरवी पट्टी भरली. चौकोन बंद झाला.

“आल्या?” चाचीने विचारलं.

“आल्या. सगळ्या.”

चाचीने पंखा खाली ठेवला आणि उसवलेलं कव्हर मांडीवर घेतलं. आत बोट घातलं. अजून गरम होतं. फटीतून काढलेल्या रुईचा पुंजका तिने उचलला. अहेरीच्या बाजारातून तिनेच निवडून आणलेली रुई. तिला ती डोळे मिटूनही ओळखता आली असती.

“हर्षा, हे म्या…”

“चाची, जीप आली वाटते.”

जीप आली होती. लटारू ड्रायव्हर आत आला, त्याच्यामागे भाजीची पिशवी घेऊन वामनराव, आणि बातमीचा वास लागून अकरम.

“द्या ताई, मशीन,” लटारू म्हणाला.

“नाई द्याची. दुरुस्त झाली.”

“दुरुस्त?” अकरम पुढे झाला. चालणारा बाण त्याने डोळ्यांनी पाहिला, तरी विश्वास बसेना. “फॉरमॅट न मारता? का झालं होतं त्याले?”

 साबिराचाचीच्या मांडीवर लाल साटीन होतं आणि मुठीत रुई. अहेरीतला प्रत्येक टीव्ही, प्रत्येक फ्रीज, प्रत्येक टेलिफोन तिच्या हातचं नेसून बसला होता. ही गोष्ट अकरमला कळणं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणं, आणि उद्यापर्यंत आलापल्लीला.

“ते सांगता येत नाई,” हर्षा म्हणाली.

“म्हंजे?”

“खाजगी आहे.”

“मशिनीचं का खाजगी असते, ताई?” लटारू हसला.

“असते, लटारूभाऊ. त्याले पासवर्ड आहे.”

वामनरावांनी मूठ उचलली, मुलीकडे पाहिलं आणि ती अलगद टेबलावर टेकवली.

चाची हर्षाकडे पाहत होती. लॅपटॉपच्या पोटात आपलं दुखणं आहे याची तिला इतके दिवस भीती होती. आता ती भीती शोधूनही सापडेना. ज्या पोरीने भरल्या खोलीत, चौघांच्या तोंडावर, एवढी मजेची गोष्ट गिळून टाकली, तिच्याजवळ आपलं जे आहे ते कुठे जाणार? चाचीला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाजवळ डबा दिसला. झाकण घट्ट बसणारा.

यानंतर हर्षाने नावं वेगळी केली आणि दुखणी वेगळी. लॅपटॉपमधल्या बायांना नुसते आकडे राहिले. कोणता आकडा कोणाचा, ते पेन ड्राइव्हवर, पासवर्डाच्या आत. आणि पेन ड्राइव्ह साबिराचाचीच्या बिस्किटाच्या डब्यात, सगळ्या दोऱ्यांच्या तळाशी. त्याच्या कडीला चाचीने लाल साटीनची एक चिंधी बांधली. डब्यात जे जे राही त्याला चिंधी लागेच.

आणि अहेरीत त्या उन्हाळ्यात एक नवी फॅशन आली. चाचीने घरोघर निरोप धाडून कव्हरं मागवून घेतली, आणि टीव्हीच्या घागऱ्याला मागून खिडकी, फ्रीजच्या अंगरख्याला पाठीत जाळी, मिक्सरच्या टोपड्याला कान, असं सगळ्यांना वारा लागेल असं करून फुकट परत दिलं. बायांनी विचारलं, “हे काऊन व, चाची?”

“नागपूरले असंच चालते,” चाची म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.

लॅपटॉपला तिने नवी पिशवी शिवली. काम करताना काढून ठेवायची, प्रवासात घालायची, रुई नाही, कडा शिवलेल्या नाहीत. जुन्या कव्हरावरचा पोपट कापून तिने नव्या पिशवीवर लावला. तो लावून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली. मग लाल रेशीम ओवलं आणि पोपटाच्या चोचीत एक मोठी, भरीव, तिखटजाळ मिरची काढली.

हर्षाने पिशवी हातात घेतली. “मिरची काऊन, चाची?”

“तोंडात काही असलं,” चाची म्हणाली, “की बोलता येत नाई त्याले.”